केळे, शेंगांचे लोणी आणि माझे साडू

अर्जदार : मी स्वतः, व्यवसाय अर्जलेखन, शिक्षण नववीपर्यंत, हस्ताक्षर वळणदार, राहणार पिंपरी. ज्यांच्याविषयी लिहितो ते : माझे साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार संत तुकाराम नगर, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त. मामला घरातला असल्यामुळे नावे कागदावर घालत नाही. घटनेचा दिवस : यंदाची खंडेनवमी. साक्षीदार : माझी पत्नी, साडूंच्या मजल्यावरील समस्त शेजारी आणि एक मिक्सर.

मेहेरबान वाचकांस कळविण्यात येते की, पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या दरम्यान जेवढी माणसे सकाळी उठून तोंडात काही घालतात, त्या सर्वांनी काय घालावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला जन्मतः प्राप्त झाला आहे, असे मानणारा मनुष्य या भूतलावर एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. त्यांच्या मते न्याहारीचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे, लोकांपर्यंत निकाल पोचलेला नाही एवढेच. केळे घ्यावे, सोलावे, उभे दुभागावे, त्यावर भाजलेल्या शेंगदाण्यांचे लोणी जाड थराने माखावे, वर डाळिंबाचे दाणे पेरावेत, असल्यास खजुराचा तुकडा ठेवावा आणि शेजारणीच्या चहाला उकळी फुटायच्या आत खाऊन कामाला लागावे. कारखान्यात एक नग तयार व्हायला लागणाऱ्या वेळेचा शब्द वापरून याला ते ‘सायकल टाइम’ म्हणतात. पोह्यांना कांदा चिरावा लागतो, उपम्याला रवा भाजावा लागतो, इडलीचे पीठ तर आदल्या रात्रीपासून माणसाला ओलीस ठेवते. “न्ह्यारी माणसासाठी हाय का माणूस न्ह्यारीसाठी?” असा प्रश्न ते विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता समोरच्याच्या हातात अर्धे केळे ठेवतात.

साडू मूळचे सांगोल्याकडचे. त्या मुलखात मूल आधी शेंगांची चटणी खायला शिकते आणि मग बोलायला, असे ते अभिमानाने सांगतात. शेंगदाण्याला ते शेंगाच म्हणतात. शेंगा लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायच्या, आणि त्या भाजल्या गेल्या की नाही हे डोळ्यांनी न पाहता नाकाने ठरवायचे. त्यासाठी ते तव्यावर इतके वाकतात की त्यांच्या मिशीला भाजल्या दाण्यांचा वास कायमचा लागलेला आहे. मग त्या फडक्यात चोळायच्या आणि गॅलरीत उभे राहून सुपाने पाखडायच्या. त्यांची फोलपटे खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरतात. खालच्या बाईंनी एकदा वर मान करून विचारले, “काका, माझ्या पांढऱ्या साडीवर हे काय डिझाइन काढलंय?” साडू म्हणाले, “ताई, त्यात ताकद हाय. झटकू नका.”

परंतु त्यांचे खरे कौशल्य मिक्सरपाशी दिसते. “आधी कूट होतंय,” ते शिकवतात, “मग गोळा होतोय, मग मशीन कुरकुरतंय. लोक तितंच घाबरत्यात आन् झाकण काढत्यात. तितं सोडायचं न्हाई. मशीनला जरा दम खाऊ द्यायचा, कडंचं खरवडून मधी घ्यायचं आन् पुन्हा लावायचं. एकदा का तेल सुटलं, की कसं मऊसूत वळतंय बघा.” हे मी स्वतः पाहिलेले आहे आणि त्यात तथ्य आहे. कचेरीत खेटे घालून मेटाकुटीस आलेल्या पक्षकारांना मी हल्ली हाच दृष्टांत देतो. मी माझ्या टेबलापाशी हा दृष्टांत दिला म्हणजे माणसे मान डोलावतात. साडूंनी दिला म्हणजे त्यांना केळे खावे लागते.

केळ्यांच्या निवडीबाबत तर त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र अर्ज होऊ शकेल. आयुष्यभर सुटे भाग उजेडाकडे धरून तपासलेला हा मनुष्य केळेही उजेडाकडे धरतो. देठ पाहतो, बूड पाहतो, अंगठ्याने हलकेच दाबतो आणि पसंत पडलेल्या केळ्यावर खिशातल्या हिरव्या मार्करने ‘ओके’ लिहितो. आमच्या चौकातला गाडीवाला एकदा वैतागून म्हणाला, “काका, केळी घ्यायच्यात का पोरीचं लग्न जमवायचंय?” साडू शांतपणे म्हणाले, “लग्न जमवताना येवडं बघत न्हाईत, म्हणून तर पुढं बोंब होती.” घरी गेल्यावर जी केळी नापास ठरतात त्यांचे शिकरण होते, आणि शिकरणाला साडू ‘रिवर्क’ म्हणतात.

निवृत्त झाला तरी हा मनुष्य पहिल्या पाळीच्या वेळेला उठतो, डबा भरतो आणि कंपनीच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहतो. बसमध्ये चढायचे नसते, रांगेत उभ्या असलेल्या तरुण कामगारांची झडती घ्यायची असते. मी एकदा तेथून जात असताना ऐकले तो संवाद असा.

“पोटात काय टाकलं का रं?”

“चहा-बिस्कीट झालं, काका.”

“चहा-बिस्किटावर तू ब्रेक बनवणार? त्या गाडीत उद्या माझी लेक बसणार हाय, भावा!”

“काका, बस आली राव, सोडा की.”

“बस उभी ऱ्हाती. डायव्हरनं बी अजून खाल्लं न्हाई.”

आणि खरोखर बस उभी राहिली, कारण चालकाने खिडकीतून हात बाहेर काढलेला होता.

मलाही यातून सूट नव्हती. माझे टेबल सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर लागते, आणि तेथे जाण्यापूर्वी मी चहा-खारी घेतो, ही माझी वर्षानुवर्षांची वहिवाट. गेल्या दिवाळीनंतर साडू रोज सकाळी बरणी व चमचा घेऊन माझ्या दारात उभे राहू लागले. कधी लोण्यात सैंधव कमी, कधी जास्त, कधी शेंगा जरा जास्त भाजलेल्या. मी खायचे आणि ते माझ्या चेहऱ्याकडे एखादा पंच जागेचा पंचनामा करताना पाहतो तसे पाहायचे. “कडू लागलं का? खरं सांगा. भूक कवा लागली परत? चक्कर-बिक्कर?” मी विचारले, “मला चक्कर का यावी?” तर म्हणाले, “न्हाई, आपलं विचारून ठेवतो.” एकदा घाईत खाऊन टेबलावर बसलो आणि एका गृहस्थाच्या वारसनोंदीच्या अर्जावर माझ्या बोटाचा तेलकट ठसा उमटला. आतल्या कारकुनाने तो अर्ज उजेडाकडे धरून मला विचारले, “वडापाव खाऊन लिहिलाय का?” मी ताठ मानेने सांगितले, “वडापाव नव्हे. शेंगांचे लोणी.” अर्ज दुसऱ्यांदा लिहून द्यावा लागला, परंतु माझी भूमिका मी सोडली नाही.

हे सर्व ते का करीत होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. ते येथे नोंदवणे भाग आहे.

साडूंच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणतो. अक्कांचा नवरात्राचा उपवास लग्नापासून अखंड आहे. नऊही दिवस चहा आणि संध्याकाळी वाटीभर साबुदाणा, एवढ्यावर त्या घटापाशी बसतात. गेल्या वर्षी नवव्या दिवशी त्या ओट्यापाशी उभ्या असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली कोसळल्या. साडू तेव्हा दारातच तोरण बांधत होते. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, बाईंची शक्ती आता तेवढी राहिलेली नाही, पोट रिकामे ठेवायचे नाही, नुसत्या साबुदाण्यावर तर मुळीच राहायचे नाही. सगळ्यांनी अक्कांना सुचविले की, उपवास उठता-बसता करावा, म्हणजे पहिला दिवस धरावा, शेवटचा धरावा, मधले दिवस जेवावे. पुष्कळ घरांत तसे करतात. अक्का म्हणाल्या, “देवी मला पयल्या आन् शेवटच्याच दिवशी सांभाळती का? मधले दिवस मी काय वाऱ्यावर असती?” साडूंनी मला पुढे केले. मी माझ्या सर्व अनुभवाचा उपयोग करून अत्यंत मुद्देसूद निवेदन केले. अक्कांनी ते पूर्ण ऐकून घेतले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “पाव्हणं, लई छान बोलला. तुमचा अर्ज फेटाळला.”

तेव्हापासून साडू बायकोला उपवास सोड म्हणून एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी फक्त असे काय खाता येईल याचा विचार सुरू केला, जे उपवासाला चालते, अंगाला लागते आणि फारसे चावावे लागत नाही, कारण अक्कांच्या दाढा काढलेल्या आहेत. शेंगा चालतात. केळे चालते. डाळिंब, खजूर, सैंधव, सगळे चालते. मी, कंपनीची पोरे, बसचालक आणि चौकातला गाडीवाला, आम्ही सगळे वर्षभर जे खात होतो तो त्यांच्या भाषेत ‘ट्रायल लॉट’ होता. पक्का माल एकाच व्यक्तीसाठी तयार होत होता.

अक्कांनी मान्य केले, पण एका अटीवर. लोणी रोज पूजेनंतर ताजे करायचे, आदल्या दिवशीचे शिळे उपवासाला चालायचे नाही. साडूंनी त्यासाठी मिक्सरचे वेगळे भांडे आणले, कारण जुन्याला चटणीतल्या लसणाचा वास होता. यंदा घट बसले आणि पहिल्या दिवसापासून अक्कांची पूजा आटोपली की साडूंची चालू व्हायची. अक्का खायच्या, साडू समोर बसून प्रत्येक घासाबरोबर स्वतःचा जबडा हलवायचे. आठही दिवस बाई चालत्या-फिरत्या राहिल्या. राहिला होता नववा. तोच दिवस, ज्या दिवशी गेल्या वर्षी त्या पडल्या होत्या.

नववा दिवस म्हणजे खंडेनवमी. आमच्या या कारखान्यांच्या मुलखात हा यंत्रांचा सण. लेथपासून पान्यापर्यंत सर्वांना हळदकुंकू लागते, झेंडूचा हार पडतो, आणि एकदा पूजा झाली की त्या दिवशी यंत्राला कोणी हात लावीत नाही. साडूंचा हा नेम लोखंडासारखा. नोकरीत असताना एकदा नवीन आलेल्या साहेबांनी पूजा झाल्यावर मशीन चालू करायला सांगितले होते, माल तातडीने जायचा होता म्हणून. साडू हात जोडून म्हणाले होते, “साहेब, ती वर्षभर राबती. आज ती बसून खाणार.” साहेब परमुलखाचे, पण त्यांनीही टोपी काढली, मशीन बंदच राहिले.

यंदा खंडेनवमीला मी व माझी पत्नी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. मी माझी लेखणी पूजेसाठी नेली होती, कारण तीही हत्यारच आहे आणि तिचे घाव सावकाश कळतात. साडू उत्साहात होते. पाने, पकडी, हातोडा, स्कूटर, सगळे चकचकीत. एवढ्यावर न थांबता त्यांनी स्वयंपाकघरातील हत्यारे मागवली. विळी आली, सुरी आली, पाटा-वरवंटा, खलबत्ता, पोळपाट-लाटणे आले, आणि मधोमध मिक्सर बसला. त्याच्या झाकणावर त्यांनी स्वतःच्या हाताने स्वस्तिक काढले आणि असा घसघशीत हार घातला की मिक्सर नवरदेव दिसू लागला. आदल्या संध्याकाळी दारोदार झेंडू वाटून त्यांनी मजल्यावरच्या प्रत्येक घरालाही बजावले होते, “उद्या मिक्सर इसरायचा न्हाई.” कोणीही विसरले नव्हते. आरती झाली. नारळ फुटला. आणि घटापाशी आपली पूजा आटोपून अक्का आतून आल्या व त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

साडूंनी सवयीने भाजल्या शेंगांचे ताट उचलले, ओट्याकडे वळले, आणि थांबले.

मी या क्षणाचे वर्णन अधिक करणार नाही. माझी पत्नी हळूच म्हणाली, “दाजी, मी खलबत्त्यात कुटते.”

“त्याला बी हार घातलाय.”

“पाट्यावर?”

“त्याला बी हळद लागली.”

“शेजारून मिक्सर आणू?”

“समद्यांचं पुजलंय. मीच सांगत फिरलो की.”

“मग वरच्या मजल्यावरून?”

“त्यांच्या भांड्याला लसूण असतोय गं.”

मी सुचविले की, आजच्यापुरते नुसते केळे घ्यावे. साडूंनी माझ्याकडे पाहिले. “नुसतं केळं तासात उतरतंय, साडूभाऊ. आज दिवसभर दारात पाव्हणं येणार, ही उभीच ऱ्हाणार.” अक्का चौकटीवरचा हात न काढता म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या ओ. एक दिवस निघंल. माज्यापायी तुमी तुमचा नेम मोडू नका.” त्यांच्या ओठांचा रंग गेलेला होता. तो मी पाहिला, माझ्या पत्नीने पाहिला आणि साडूंनी तर सगळ्यांच्या आधी पाहिला असणार, कारण त्यांना न खरवडताही रंगाखालचा गंज दिसतो.

साडू ओट्यापाशी गेले. मिक्सरपुढे उभे राहून त्यांनी दोन्ही हात जोडले. पाठमोरे होते, तरी शब्द ऐकू आले. “बाई, आजच्या दिवस ओव्हरटाइम कर. उद्या तुला हातसुद्धा लावायचो न्हाई.” मग त्यांनी हार अलगद उतरवला, देवघरासमोर ठेवला, झाकणावरचे स्वस्तिक पुसले जाऊ नये म्हणून तळहात कडेला धरला आणि बटण फिरवले.

त्या शांत मजल्यावर तो आवाज असा उठला की चारी दारे उघडली. “काका! आज मशीन?” एक शेजारी धावतच आला. गेल्या काही वर्षांत त्याचे ड्रिल, त्याच्या मुलाची सायकल आणि एकदा त्याची इस्त्री खंडेनवमीला साडूंनीच बंद ठेवायला लावली होती, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर थोडे समाधानही होते. “आमाला शिकवता आन् सोता?” साडूंनी मागे वळून पाहिले नाही. “कूट झालंय,” ते म्हणाले, “आता मधी सोडलं तर वाया जाईल.” मिक्सर कुरकुरला. त्यांनी त्याला दम खाऊ दिला, कडेचे खरवडले, पुन्हा लावला. तेल सुटले. केळे त्यांनी अंगठ्यांनीच दुभागले, कारण सुरीचा नेम अजून शाबूत होता आणि जेवढे वाचवता येईल तेवढे ते वाचवीत होते.

अक्का पाटावर बसून सावकाश खाऊ लागल्या. धावत आलेला शेजारी दारातच उभा राहिला होता, त्याच्याही हातात साडूंनी अर्धे केळे दिले होते आणि तो ते मुकाट्याने खात होता. खाता खाता अक्कांच्या ओठांवर रंग परत येताना मी पाहिला. शेवटचा घास घेऊन त्यांनी हात धुतला, देवघरासमोरचा हार उचलला, मिक्सरला पुन्हा घातला आणि म्हणाल्या, “आता बसू दे तिला.” मग पदराला हात पुसत, जणू बाजारातून काय आणायचे ते सांगावे तशा सुरात, “पुढच्या वर्षापासनं मी उठता-बसता करीन.”

ज्या गोष्टीसाठी डॉक्टर बोलले, लेक बोलली, मी स्वतः मुद्देसूद बोललो, ती गोष्ट अशी झाली. त्या दिवशी अक्का संध्याकाळपर्यंत उभ्या होत्या. पाहुण्यांना कुंकू लावले, ओट्या भरल्या, देवळात स्वतःच्या पायांनी गेल्या. साडू मात्र दिवसभर काही न खाता मिक्सरसमोरच्या स्टुलावर बसून होते.

दसऱ्याला संध्याकाळी ते सोने द्यायला माझ्याकडे आले. आपट्याचे पान माझ्या हातात ठेवून खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, “साडूभाऊ, येक अर्ज लिवायचाय.”

“कोणाच्या नावे?”

“देवीच्या.”

“विषय?”

“मशीनची सुट्टी रद्द केली त्याबद्दल माफी.”

माझ्या टेबलावर आजवर नाना तऱ्हेची माणसे आली, पण असा पक्षकार आला नव्हता. मी फी घेतली नाही. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. आपण नेम मोडला, हे त्यांनी कोठेही लपविले नाही. संपल्यावर मी म्हणालो, “साडू, आता तरी खुशीत असा. पुढच्या वर्षी अक्का जेवणार आहेत.” त्यांनी अर्जाखाली सही केली. “खुशीतच हाय की,” ते म्हणाले. मग लेखणी मला परत देत, “पण मधल्या दिवसांत सकाळी मी काय करू ओ?”

त्यांच्या अर्जाखाली मी, त्यांना न सांगता, माझ्या वतीने पुढील मजकूर जोडलेला आहे, तो येथे सर्वांच्या माहितीसाठी देतो : सबब, आईसाहेबांच्या चरणी विनंती की, सदरहू इसमाने पुजलेले यंत्र चालविले हे खरे असले तरी ते स्वतःच्या जिभेसाठी चालविलेले नाही, हे ध्यानी घेऊन त्यास दोषमुक्त करावे. त्याच्या पत्नीचा यंदाचा नववा दिवस पूर्ण धरावा. आणि पुढील वर्षापासून मधल्या दिवसांत, तसेच वर्षभर, सदरहू इसमाच्या हातचे खाणारे कोणी ना कोणी भुकेले माणूस सकाळी त्याच्या वाटेत आणून सोडावे, कारण तो रिकाम्या हाताने बसलेला आमच्याने पाहवत नाही. दुसरे कोणी न मिळाल्यास अर्जदार स्वतः हजर आहे, त्याची चहा-खारीची वहिवाट रद्द समजावी. उत्तर लेखीच हवे असा आग्रह नाही. कौल म्हणून उजवे फूल पडले तरी पोच मिळाली असे समजण्यात येईल.